उत्तर काढायची वाईट सवय

उत्कर्षाला गणितं सुटत नव्हती असं कोणी समजू नये. तिला ती सुटत होती, आणि सगळी भानगड तिथेच होती.

व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा एक प्रकार असतो. वर एक प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात, आणि एवढंच विचारतात की उत्तर काढायला पहिलं विधान पुरतं का, दुसरं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. उत्तर काढायचं नाही. ते कोणालाच नको असतं. आता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीसमोर एक टाकी, दोन नळ आणि हवी तेवढी माहिती मांडून ठेवायची आणि वर सांगायचं की हात लावू नकोस, हे म्हणजे भुकेल्या माणसाला ताट वाढून, यात मीठ बरोबर पडलंय का ते लांबूनच सांग, असं म्हणण्यासारखं आहे.

मागच्या वर्षी रायपूरच्या केंद्रावर असंच झालं. एकसारख्या वेगाने चालणाऱ्या दोन यंत्रांचा प्रश्न होता. उत्कर्षाने कच्च्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि उत्तर काढलं, सात पूर्णांक पाच सप्तमांश तास. ते बरोबर होतं. तिने उलटं करून ताडूनही पाहिलं. मग समाधानाने मान वर केली तेव्हा पडद्यावरच्या घड्याळाने उरलेले सगळे प्रश्न गिळून टाकले होते. आणि सात पूर्णांक पाच सप्तमांश हा आकडा लिहायला त्या पडद्यावर कुठे जागासुद्धा नव्हती.

यंदा ती भिलाईतच, जुनवानीच्या एका क्लासला जायची. तिथल्या पीयूष सरांनी तिच्या दोन सराव परीक्षा तपासल्या आणि तिला बाजूला बोलावून, डॉक्टर तंबाखूबद्दल बोलतात तशा आवाजात सांगितलं, "मॅडम, आपको उत्तर निकालने की बुरी आदत है." आजवर शाळेत, कॉलेजात सगळ्यांनी याच सवयीबद्दल तिला बक्षिसं दिली होती. ती घरी आली ती गाडीचं स्टँड न लावताच उतरली.

परीक्षा येत्या रविवारी होती, आणि या खेपेला पुढचं दार आधीच अर्धं लागलेलं होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे दयारामजींनी, उतईच्या एका शाळेतली प्रयोगशाळा सहायकाची जागा तिच्यासाठी बोलून ठेवली होती. हेडमास्तर ओळखीचे. पण ते निकालापर्यंत थांबायला तयार नव्हते. रविवारी पेपर झाला की त्याच दिवशी हो किंवा नाही कळवा, म्हणाले. म्हणजे पेपर चांगला गेला तर उतईला नाही म्हणायचं आणि निकालाच्या भरवशावर बसायचं, वाईट गेला तर सोमवारपासून परीक्षानळ्या धुवायच्या. उतईबद्दल उत्कर्षाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण एकदा तिथे गेलं की वैशाली नगर ते उतई आणि उतई ते वैशाली नगर, यापलीकडे आपण कधी जाणार नाही, हे तिला परीक्षानळीतल्या रंगाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे तिच्या पायाला थारा नव्हता. ती बसून वाचायची नाही, चालत वाचायची. पेनाचं बटण इतक्या वेळा दाबायची की आईने दोन पेनं लपवून ठेवली.

आईचं, कलावतीबाईंचं, नाव निघालंच आहे तर त्यांची ड्यूटी सांगून टाकू. त्यांना मोबाइल देऊन घड्याळ लावायला बसवलं होतं. दोन मिनिटं झाली की "बस" म्हणायचं. पण मुलगी कपाळाला आठ्या घालून लिहितेय हे दिसलं की त्या हळूच घड्याळ थांबवायच्या आणि तिचं झालं की पुन्हा चालू करायच्या. या पद्धतीने उत्कर्षाचा वेग चार दिवसांत इतका वाढला की पीयूष सरांनाच शंका आली. त्यांनी फोन करून विचारलं तेव्हा कलावतीबाई म्हणाल्या, पोरगी कामात होती, मध्येच कशी टोकू.

सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. समोरच्या घरच्यांनी ब्राह्मीचं तेल सुचवलं. इंदूरला गेलेल्या मैत्रिणीने, टीनाने, फोनवर सांगितलं, "सब में सी मार, यार." कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा भाचा कुठेतरी पास झाला होता, त्याने पेपरला जाताना डावा पाय आधी टाकला होता. उत्कर्षाने हे सगळं ऐकून घेतलं आणि कशाचाच पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. डाव्या पायाचा मुद्दा मात्र, का कोण जाणे, लक्षात राहिला.

आणि मग गुरुवारी सकाळी चमत्कार झाला. सरावाच्या पुस्तकात प्रश्न होता: दोन पंप, एक मोठा आणि एक लहान, आपापल्या एकसारख्या वेगाने चालून एक टाकी मिळून चार तासांत भरतात, तर लहान पंपाला एकट्याने किती वेळ लागेल? विधान पहिलं, टाकीत दोन हजार लिटर पाणी मावतं. विधान दुसरं, मोठ्या पंपाचा वेग लहान पंपापेक्षा जास्त आहे. उत्कर्षाने वाचलं, पेन उचललं, आणि खाली ठेवलं. जास्त म्हणजे किती जास्त? ते कुठेच नाही. दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत. संपलं. कलावतीबाईंना घड्याळ थांबवायची संधीसुद्धा मिळाली नाही.

तिने तो विजय मोठ्याने जाहीर केला ही तिची चूक. कारण दयारामजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना स्टील प्लांटमधून रिटायर होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि हातांना काय काम द्यावं हे अजून ठरलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मागितलं, चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला.

"मंग उत्तर काय आलं?"

"उत्तर नाही, बाबा. माहिती अपुरी आहे."

"अपुरी आहे तं पुरी करा ना बाप्पा. अशीच सोडून देता कावून?"

हे समजून घ्यायला प्लांटमधला माणूस माहीत हवा. रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये दयारामजींचं आयुष्य गेलं. शिफ्ट दुसऱ्याच्या हाती देताना तक्त्यातला एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही, ही तिथली रीत. मीटर बंद पडला तर कोणीतरी वर चढून, डोळ्यांनी पाहून आकडा आणायचा. 'माहिती अपुरी आहे' असं लिहून कोणी घरी गेल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि अशा माणसाला पास करणारी परीक्षा असते हे त्यांना पटेना. ते पुस्तक घेऊन कुंपणाच्या भिंतीकडे गेले आणि त्यांनी पंजाबरावांना हाक मारली.

पंजाबराव शेजारचे. दोघांची घरं एका भिंतीची, गच्ची एक, खाली पाण्याचा हौद सामाईक आणि वरची काळी टाकी सामाईक. नोकरीभर ते प्लांटच्या पंप हाऊसमध्ये शिफ्ट इनचार्ज होते, त्यामुळे पंप हा विषय त्यांच्या बोलण्यात येत नसे, त्यांचं बोलणं पंपात येत असे. त्यांनी भिंतीपलीकडून प्रश्न वाचला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे तं आपल्याच टाकीचं गणित आहे, दयारामजी. दोन हजार लिटर. एक मोठा पंप, एक लहान. कोणं सांगतलं त्यायले?"

उत्कर्षाने समजावून पाहिलं की ही कोणाचीही टाकी नाही, ही पुस्तकातली टाकी आहे. पंजाबराव प्रेमाने म्हणाले, "बेटा, टंकी तो टंकी होती है." आणि ठरलं. लहान पंप किती वेळ घेतो हे परीक्षा घेणाऱ्यांना माहीत नसेल तर आपण काढून ठेवू, पोरीच्या कामी येईल. शुक्रवारी सकाळी नाश्ता झाला की सुरुवात.

इथे उत्कर्षाने आत बसून अभ्यास करायला हवा होता, आणि ती बसलीही. पण शुक्रवारी डोक्यावर गच्चीतून आवाज येऊ लागले. पंजाबराव बांबूची काठी टाकीत घालून मोठ्याने आकडे सांगत होते आणि दयारामजी ते खडूने गच्चीच्या कठड्यावर लिहीत होते. काठी ओली झाली तेवढ्या विती, टाकीची उंची इतक्या विती, म्हणजे भरली इतकी. उत्कर्षाने कानात बोटं घातली. टाकी वर जाऊन निमुळती होते. तिथे एक वीत म्हणजे खालच्या एका वितीएवढं पाणी नव्हे. हे ज्याला माहीत आहे त्याने खाली गप्प बसून राहणं म्हणजे चुकीच्या प्रयोगाला संमती देणं होय. ती फक्त दोन मिनिटांसाठी वर गेली.

वर गेल्यावर तिला दिसलं की टाकी आधी रिकामीसुद्धा केलेली नाही. घरातले नळ चालू आहेत. म्हणजे एकीकडून भरतेय, दुसरीकडून जातेय, आणि हे दोघे वेग मोजताहेत. तिने प्रयोग थांबवला. सगळं पाणी नळीने परत हौदात सोडायला लावलं, दोन्ही घरांत फिरून नळ बंद केले आणि मुख्य चावी फिरवली. टाकीच्या आड कांताकाकूंच्या, म्हणजे पंजाबरावांच्या पत्नीच्या, गव्हाच्या कुरडया बाजेवर वाळत होत्या. त्या प्रयोगाच्या मध्ये येत होत्या. उत्कर्षाने बाज स्वतः उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, सुरक्षित जागी नेऊन ठेवली. पीयूष सरांनी तिला त्या वेळी पाहिलं असतं तर फी परत केली असती.

मुख्य चावी फिरवली तेव्हा कांताकाकू न्हाणीघरात होत्या आणि त्यांच्या डोक्याला साबण लागलेला होता, ही माहिती कोणाकडेच नव्हती. त्या टॉवेल गुंडाळलेलं डोकं घेऊन जिन्यात आल्या आणि एक डोळा मिटून त्यांनी विचारलं की घरात पाणी कावून नाही. पंजाबराव म्हणाले, एक्सपेरिमेंट सुरू आहे. काकूंनी उघड्या डोळ्याने नवऱ्याकडे असं पाहिलं की शेवटी एक बादली प्रयोगाबाहेर मंजूर करण्यात आली.

लहान पंप सुरू झाला. पहिली काही रीडिंग सुरेख आली, आणि मग वेग पडू लागला. उत्कर्षा टाकीला कान लावून उभी राहिली. धार बारीक होत होती. दुपार चढत होती, मे महिना होता, आणि गल्लीतला एकेक कूलर सुरू होत होता. विजेचा दाब उतरला की पंप मंद. "एकसारखा वेग राहिला नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की दोन्ही म्हातारे चपापले.

"मंग कूलर बंद करायले सांगू," दयारामजी म्हणाले.

भिलाईत मे महिन्याच्या दुपारी लोकांच्या दारी जाऊन कूलर बंद करा म्हणणं याला एक वेगळंच काळीज लागतं. पंजाबराव आणि उत्कर्षा गेले. एका घरी त्यांना वीज खात्याचे समजून आधीच्या तीन तक्रारी ऐकवण्यात आल्या. दुसऱ्या घरी प्रयोगाचं कारण पूर्ण ऐकून घेतलं, पाणी पाजलं, आणि हे दोघे फाटकाबाहेर पडताच कूलर जास्त वेगावर केला. तिसऱ्या घरच्यांनी मात्र एक जुना स्टॅबिलायझर काढून दिला आणि सांगितलं, आमच्या टीव्हीसाठी होता, तुमच्या पंपालाही चालेल. तो चालला. घूं घूं आवाज करत, अंगणभर जळका वास सोडत, पण चालला. उत्कर्षाने पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. टाकी पुन्हा रिकामी. कलावतीबाई खालून विचारून थकल्या की स्वयंपाकाला पाणी केव्हा मिळेल.

या खेपेला, निमुळत्या भागाचा हिशेब वेगळा धरून, रांगोळीसारखी रीडिंग आली. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या बरोबर इतक्याच अंतरावर. कठड्याची अर्धी भिंत भरली. उत्कर्षाला, खरं सांगायचं तर, रविवारचा विसर पडला होता. किती दिवसांनी कोणीतरी तिला उत्तर काढू देत होतं.

आता फक्त शेवटचं रीडिंग राहिलं, आणि तिथेच वाद निघाला. भरली म्हणजे कुठवर? पंजाबराव म्हणत होते, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत पाणी आलं की टाकी भरली, पंप हाऊसमध्ये असंच धरतात. उत्कर्षाचं म्हणणं, दोन हजार लिटर हे काठोकाठ मोजून ठरवलेलं असतं, तर काठापर्यंत यायला हवं. तिने त्यासाठी ओव्हरफ्लोच्या पाइपात फडकं कोंबून तो बंद केला होता. पंजाबरावांना हे आत्ता कळलं आणि त्यांना ते पंप हाऊसचा अपमान वाटलं. दोघं बोलत राहिले. पाणी काठाशी आलं, काठावरून वाहिलं, झाकणाखालून चारी बाजूंनी पसरलं, आणि गच्चीच्या उतारावरून त्या टोकाला निघालं जिथे पाणी जाण्याचं भोक होतं. त्या भोकाशीच ती सुरक्षित जागा होती.

कांताकाकूंनी ते सगळ्यांत आधी पाहिलं. त्या कठड्यावरून वाकून खाली अंगणात पंपाच्या खटक्याशी उभ्या असलेल्या दयारामजींना म्हणाल्या, बंद करा पंप. दयारामजी हलले नाहीत. काकूंनी पुन्हा सांगितलं.

"तसं नाही होत, वहिनी," दयारामजी खालून शांतपणे म्हणाले. "ज्यानं चालू करायले सांगतलं त्यानंच बंद करायले सांगाव लागते. तुमची ड्यूटी नाही."

हा प्लांटचा नियम होता आणि या नियमाने तिथे माणसांचे हात-पाय वाचले होते. दुसऱ्याच्या ओरडण्यावर खटक्याला हात लावायचा नाही. दयारामजींनी आयुष्यात तो मोडला नव्हता, आणि तो मोडण्याइतकं कारण त्यांना खालून दिसतही नव्हतं. चालू करायला पंजाबरावांनी सांगितलं होतं, आणि पंजाबराव पाइप म्हणजे काय हे उत्कर्षाला समजावत होते. कलावतीबाईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं. त्यांचीही ड्यूटी नव्हती. कुरडया तोवर बाजेसकट तरंगायच्या बेतात होत्या आणि गच्चीच्या पन्हाळीतून जाड धार थेट गल्लीत पडत होती.

नेमकी त्याच वेळी पाणी बचाव मोहिमेची गाडी गल्लीत आली. टपावर भोंगा होता आणि त्यातून पाण्याचा थेंब थेंब जपण्याची विनंती चालली होती. गाडी धारेखाली आली, काचेवर धबधबा कोसळला, वायपर आपोआप सुरू झाले की चालकाने केले ते कळलं नाही, आणि गाडी थांबली. भोंगा मात्र विनंती करतच राहिला.

गाडीतून भय्याजी उतरले. मोहिमेचे निरीक्षक. अर्धा खांदा भिजलेला. तेव्हा कुठे पंजाबरावांनी वरून "बंद" असा हुकूम दिला आणि दयारामजींनी तत्परतेने खटका दाबला.

भय्याजी मूळचे बालाघाटकडचे मराठीच निघाले, पण सरकारी काम ते हिंदीतून करत. त्यांनी दयारामजींच्या मागोमाग गच्चीवर येऊन टाकी पाहिली, फडकं पाहिलं, आकड्यांनी भरलेला कठडा पाहिला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. भिजलेल्या कुरडया एकेक उचलत कांताकाकू म्हणाल्या, पोरीची परीक्षा आहे, उजळणी करून राहिली. मग भय्याजींनी नियम सांगितला. थोडंफार पाणी सांडलं असेल तर तोंडी समज. त्याहून जास्त, म्हणजे शंभर लिटरच्या वर गेलं असेल, तर दोन्ही घरांचं नळाचं कनेक्शन पाऊस येईपर्यंत बंद. त्यांनी छापील कागद काढला आणि एका रकान्यावर पेन ठेवलं. किती पाणी वाया गेलं. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणाले. रिकामा गेला की ऑफिसातून कागद परत येतो आणि मला या उन्हात पुन्हा यावं लागतं.

उत्कर्षाने बाबांकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे पाहिलं. रकाना रिकामा राहू नये म्हणून आयुष्यभर झटलेली दोन माणसं तिच्या शेजारी उभी होती. दोघांचेही ओठ हलू लागले होते. पंपाचा वेग कठड्यावर लिहिलेला होता. काठावरून पाणी केव्हा वाहू लागलं तेही टिपलेलं होतं. खुद्द तिच्या डोक्यात तर गुणाकार होऊनही गेला होता. उत्तर जिभेच्या टोकावर उभं होतं, नेमकं, देखणं, आणि शंभरच्या बरंच वर. ती पुढे झाली.

"पढ़ी-लिखी आप लगती हैं," भय्याजी म्हणाले. "कितना पानी गया?"

"निकाला जा सकता है," उत्कर्षा म्हणाली.

"तो बताइए."

"पंप की रफ़्तार पता है. समय पता है. दोनों मिलाकर जानकारी पर्याप्त है."

"हाँ, मतलब कितना?"

"पर्याप्त है," ती म्हणाली, आणि तिने तोंड मिटलं.

ते मिटताना काय झालं हे तिलाच ठाऊक. शिंक आतल्या आत दाबावी तसं काहीसं. डोळ्यांत पाणी आलं. मागे पंजाबराव "अरे, मी सांगतो ना" एवढं बोलले, तोच कांताकाकूंनी ओल्या कुरडयांचं घमेलं त्यांच्या दोन्ही हातांत दिलं आणि म्हटलं, हे धरा आधी. दयारामजींनी मुलीकडे पाहिलं. ती ज्या प्रकारे ओठ दाबून उभी होती ते पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायला हवं, त्यांनी एक रीडिंग मनात ठेवलं.

भय्याजींनी कागदाकडे पाहिलं. वाक्य पुटपुटून पाहिलं. मग रकान्यात सावकाश लिहिलं, जानकारी पर्याप्त है. ते रकान्यात बरोबर बसलं. एकदा वाचून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की जणू चौकशी पूर्ण झाली, कोणीतरी सगळं तपासलं, आणि आता वरच्या साहेबाला विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी दोन्ही घरांना तोंडी समज दिली, पाइपातलं फडकं स्वतःच्या हाताने काढलं आणि चहा घेऊन गेले. वरून थेंब पडतच होते. भोंगा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

त्या दिवशी दोन्ही घरांत कुरडयांचीच भाजी झाली, कारण भिजलेल्या कुरडयांचं दुसरं काही होत नाही. वाढताना कांताकाकू उत्कर्षाला म्हणाल्या, "दोन घरचं पाणी वाचवलं तू, बरं झालं. पन माह्या पोरीले जबलपूरले धाडाच्या होत्या कुरडया, त्या पुरतील का आता, हे बी सांग ना." उत्कर्षाने खाली मान घालून भाजी खाल्ली. पंजाबराव भाजी चांगली झाली म्हणाले आणि कांताकाकूंनी पातेलं उचलून आत नेलं.

रविवारी दयारामजी तिच्याबरोबर बसने रायपूरला आले. ती आत गेली. पहिला भाग बरा गेला. मग तो प्रकार आला. एका कारखान्यात दोन यंत्रं एकसारख्या वेगाने बाटल्या भरतात. उत्कर्षाने दोन्ही विधानं वाचली आणि तिचा हात आपोआप कच्च्या कागदावर गेला. दोन समीकरणं, दोन अज्ञात, उत्तर बहुधा अपूर्णांकात, आणि असे अपूर्णांक तिला फार आवडत. तिने पेन उलटं करून टेबलावर ठेवलं. तोंड मिटलं. दोन्ही मिळून पुरेसं आहे, या पर्यायावर टिचकी मारली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. वाटलं, घराबाहेर पडताना नळ ठिबकत सोडून आलेय. पुढच्या प्रश्नात तो नळ ऐकू येत होता. त्याच्या पुढच्यात जरा कमी. नंतर आगगाडी आली, रंगारी आले, एक गळकी टाकीसुद्धा आली. तिने सगळ्यांना वाटेला लावलं. शेवटच्या प्रश्नावर टिचकी मारली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता, आणि त्याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

बाहेर आली तेव्हा फाटकाशी मुलामुलींचे घोळके उभे होते आणि जो तो दुसऱ्याला उत्तर सांगत होता. एक जण साडेसात म्हणत होता, दुसरा आठ, तिसरी रडायच्या बेतात होती. दयारामजी एका झाडाखाली उभे होते. उत्कर्षा घोळक्यांमधून वाट काढत त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, भूक लागली, समोर गाडीवर भजी आहेत, घ्या. ते घ्यायला गेले, ती नळावर हात धुवायला गेली. परत आली तेव्हा एका हातात भज्यांचा कागद धरून दुसऱ्या हाताने ते फोन खिशात ठेवत होते.

"कोणाचा फोन होता?"

"मीच लावला. उतईले. हेडमास्तरले सांगतलं, दुसरं कोणी पाहून घ्या म्हणून."

तिने तोंडातलं भजं घाईने गिळलं. "बाबा, तुमी मले विचारलं बी नाही पेपर कसा गेला."

"नाही विचारलं."

"निकाल यायले अजून महिना आहे. कट ऑफ माहीत नाही. किती बरोबर आले तेबी माहीत नाही. मंग तुमी कशावरून फोन लावला?"

दयारामजींनी हनुवटीने घोळक्यांकडे खूण केली. "ते पाह्य ना. सारे उत्तरावर भांडून राहिले. तू आली अन् भजे मांगतले."

"त्याच्यावरून काही नाही निघत, बाबा. एवढी माहिती पुरत नाही."

"मले पुरली," दयारामजी म्हणाले, आणि कागदातलं शेवटचं भजं तोडून त्यांनी मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.